डबलबारीचा पडदा: आपल्याच प्रोग्राममधून पॉवरपॉइंटचा स्लाइड शो कसा हाकायचा?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. मी नोकरीला कुडाळात, गाव कर्ली खाडीच्या काठाला. मे महिन्यात चाकरमानी गावात असतात, तेव्हा देवळाच्या वर्धापनदिनाला डबलबारी, म्हणजे दोन बुवांच्या भजनांचा सामना, ठेवायची आमची पद्धत. यंदा मंडळाने प्रोजेक्टर घेतलाय. भाड्याने नाही, विकत. त्यामुळे तो वापरलाच पाहिजे यावर गावात दुर्मीळ एकमत आहे.

पडद्यावर काय दाखवायचं तेही ठरलंय: कुठल्या बुवांची बारी चालू आहे, पखवाजाला कोण, झांजेला कोण, अभंगाचं धृपद, आणि मध्येच कोणी बक्षीस दिलं की त्याचं नाव. मंडळातल्या ताईने पॉवरपॉइंटमध्ये ४२ स्लाइड केल्यात. शेवटच्या दिवसापर्यंत त्या तिला स्वतःला बदलता यायला हव्यात, म्हणून पॉवरपॉइंट सोडून दुसरं काही सुचवू नका.

मी सी-शार्पमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. 'बुवा पहिले', 'बुवा दुसरे', 'अभंग', 'बक्षीस', 'मागे' अशी बटणं, त्यांना कीबोर्डचे शॉर्टकट. बटण दाबलं की प्रोग्राम स्लाइड शोची खिडकी पुढे आणतो आणि सेंडकीजने (म्हणजे कीबोर्डच्या किल्ल्या दाबल्याचं कोडमधून सोंग करून) स्लाइडचा नंबर आणि एंटर पाठवतो. (शो चालू असताना २४ टाइप करून एंटर मारलं की चोविसावी स्लाइड येते, माहीत असेलच.) घरी झकास चाललं. काल देवळात तालीम घेतली. त्याच लॅपटॉपवर चुलत्यांनी देणग्यांची एक्सेल उघडली होती. मी कीबोर्डवर, ते माउसवर. मी शॉर्टकट दाबला आणि नेमकं त्याच क्षणी त्यांनी एक्सेलमध्ये क्लिक केलं. स्लाइड हलली नाही, पण खालच्या आवाठातल्या एका काकांची ५०१ रुपयांची देणगी २४ रुपये झाली. काका शेजारीच बसले होते.

तर प्रश्न असा, की अशा किल्ल्या न पाठवता थेट पॉवरपॉइंटशी बोलता येतं का? आणि बक्षीस दाखवून झालं की आधीच्या स्लाइडवर परत कसं यायचं? तारखेला तीन आठवडे आहेत.

बांगडा_फ्राय

गाववाल्यानू, तुमचा सगळा खरा. पण लाईट गेल्यार काय करतलास?

हापूस_पायरी

काकांचे ५०१ परत केले की नाही ते आधी सांगा. सॉफ्टवेअरचं नंतर बघू.

खाडीकाठ

केले. पण त्यांनी आता समोर उभं राहून १००१ लिहून घेतले. म्हणजे सेंडकीजमुळे मंडळाचा ५०० रुपये फायदाच झाला.

तिरफळ

सेंडकीज म्हणजे अंधारात दगड. किल्ली कुठल्या खिडकीत पडणार ते त्या क्षणी कोणती खिडकी पुढे आहे त्यावर ठरतं, तुमच्या प्रोग्रामच्या हातात काही नसतं. खिडकी पुढे आणणं आणि किल्ली पडणं यांच्यात अर्धा सेकंद गेला तरी काकांना पुरतो.

पॉवरपॉइंटशी थेट बोलता येतं. ऑफिस ९७ पासून त्यात व्हीबीए (मॅक्रो लिहायची भाषा) आहे आणि मॅक्रोला जी ऑब्जेक्टं मिळतात तीच कॉममार्फत (विंडोजमधल्या प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची सोय) बाहेरच्या प्रोग्रामलाही मिळतात. प्रोजेक्टमध्ये पॉवरपॉइंटच्या इंटरॉपचा (सी-शार्पमधून त्या ऑब्जेक्टांशी बोलायची लायब्ररी) रेफरन्स घाला. मग ॲप्लिकेशन, त्याच्या प्रेझेंटेशन्समधून फाइल ओपन, त्या प्रेझेंटेशनच्या स्लाइडशोसेटिंग्जवर रन. रन केलं की स्लाइडशोविंडो हातात येते. तिच्या आत 'व्ह्यू' असतो, तो तुमचा सुकाणू. व्ह्यू.नेक्स्ट, व्ह्यू.प्रीव्हियस, व्ह्यू.गोटूस्लाइड २४, व्ह्यू.एक्झिट. यातल्या कशालाच खिडकी पुढे असावी लागत नाही. काका खुशाल एक्सेलमध्ये बसोत.

ताईने शो आधीच हाताने सुरू केला असेल तर नवीन रन करू नका. चालू असलेलं पॉवरपॉइंट पकडा (डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये मार्शलचं गेटॲक्टिव्हऑब्जेक्ट आहे, नव्या डॉटनेटमध्ये ते काढून टाकलंय) आणि स्लाइडशोविंडोजमधली पहिली घ्या. मोजणी १ पासून आहे, शून्यापासून नाही.

आता 'मागे'. व्ह्यूला लास्टस्लाइडव्ह्यूड नावाची प्रॉपर्टी आहे, पण लागोपाठ दोन बक्षिसं आली की ती तुम्हाला बक्षिसावरच परत नेईल. त्यापेक्षा बक्षिसावर जायच्या आधी व्ह्यूला विचारा, आत्ता कुठली स्लाइड आहे? ती बक्षिसाची नसेल तरच तिचा स्लाइडआयडी लक्षात ठेवा. नंबर ठेवू नका, कारण ताई मध्येच एक स्लाइड घालेल आणि सगळे नंबर एकाने सरकतील. आयडी सरकत नाही.

आणि एक, हे मी स्वतः ठेचकाळून शिकलोय. आपल्या प्रोग्राममध्ये 'आता सातवी, आता आठवी' असा हिशोब ठेवायचा नाही. कोणीतरी माउस दाबतो, हिशोब चुकतो. शिवाय नेक्स्ट म्हणजे पुढची स्लाइड नव्हे, पुढचं ॲनिमेशन. एका स्लाइडवर धृपदाच्या चार ओळी एकेक करून येत असतील तर चार नेक्स्ट तिथेच खर्च होतात. दर वेळी पॉवरपॉइंटलाच विचारायचं.

घाटमाथा

कोल्हापूरहून लिहितोय, राग मानू नका. पाचशे रुपयांत प्रेझेंटरचा रिमोट मिळतो. एक चुणचुणीत पोरगा बसवा, त्याच्या हातात रिमोट द्या. एका रात्रीच्या भजनासाठी सॉफ्टवेअर कसलं लिहिताय?

तिरफळ

घाटमाथा, तो रिमोट लॅपटॉपला कीबोर्ड म्हणूनच दिसतो. आत पेजअप-पेजडाउनच पाठवतो. म्हणजे काकांची एक्सेल पुढे असेल तर रिमोटने एक्सेलच खाली-वर होणार. आणि ३ वरून २४ वर उडी कशी मारायची? एकवीस वेळा दाबून?

घाटमाथा

मग एक्सेल बंद ठेवायला सांगा काकांना!

हापूस_पायरी

काकांना सांगण्यापेक्षा सॉफ्टवेअर लिहिणं सोपं. घाटावर पद्धत वेगळी असेल.

गजर_प्रेमी

माझा वेगळाच दुखणा. बारी ऐकूक येतत की वाचूक? बुवा आलाप घेता, समोरचो बुवा कान टवकारून बसता, आता ह्याका काय उत्तर देऊचा म्हणून. थय मान वर करून पडदो बघणाऱ्याक ती नजरानजर दिसाची नाय. मी लहान असताना पेट्रोमॅक्सच्या उजेडात बाऱ्यो बघितलंय. कोणाक धृपद वाचूची गरज पडली नाय.

बाकी पोरगो हुशार आसा. त्याच्याबद्दल तक्रार नाय.

मुंबईकर_चाकरमानी

गजर_प्रेमी, तुम्हाला गरज पडली नाही. माझ्या मुलीला पडते. ती लालबागला वाढली, गौळण कळते पण अर्धे शब्द सुटतात. गेल्या वर्षी मागून विचारत होती, बाबा ते काय म्हणाले, ते काय म्हणाले. पडद्यावर दोन ओळी आल्या तर ती गप्प बसून ऐकेल तरी.

खाडीकाठ, एक अनुभव. ऑफिसच्या एका संमेलनात आम्हीही असाच प्रोग्राम लावला होता. प्रोजेक्टर जोडला, शो सुरू केला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर प्रेझेंटर व्ह्यू आला. तोच तो, बाजूला नोट्स, खाली घड्याळ. आमची बटणांची खिडकी त्याच्या मागे गडप. साडेतीनशे माणसं समोर आणि ऑपरेटर ऑल्ट-टॅब करत बसलेला. तेव्हा रन करायच्या आधी स्लाइडशोसेटिंग्जमधलं शोप्रेझेंटरव्ह्यू बंद करा. विंडोजमध्ये पडदा 'एक्स्टेंड'वर ठेवा, 'डुप्लिकेट'वर नको, नाहीतर तुमची बटणं गावभर दिसतील.

मी १० तारखेला येतोय. लांब एचडीएमआय केबल घेऊन येतो.

कातळशिल्प

धागाकर्ते नको म्हणालेत तरी सांगतो, लिबरऑफिसचं इम्प्रेस, म्हणजे पॉवरपॉइंटसारखाच फुकट प्रोग्राम. सोऑफिस सुरू करताना ॲक्सेप्टचा पर्याय देऊन एक पोर्ट उघडायचा (उदाहरणांत सगळीकडे २००२ असतो), मग पायथनमधून यूनोने (लिबरऑफिसशी बाहेरून बोलायची सोय) जोडायचं. प्रेझेंटेशनचा कंट्रोलर मिळतो. त्यात गोटूनेक्स्टइफेक्ट, गोटूस्लाइडइंडेक्स सगळं आहे. इथे मात्र मोजणी शून्यापासून, म्हणजे चोविसावी स्लाइड हवी तर २३. लायसन्सचा खर्च नाही. लिनक्सवर चालतं. आणि २०१३च्या ४.० आवृत्तीपासून अँड्रॉइडवरून चालवायचा इम्प्रेस रिमोटही आहे, तो किल्ल्या पाठवत नाही, थेट इम्प्रेसशी बोलतो.

तिरफळ

कातळशिल्प, मान्य, यूनो चांगलं आहे. पण ताईची फाइल पीपीटीएक्स, म्हणजे पॉवरपॉइंटची आहे. इम्प्रेसमध्ये उघडली की कुठे अक्षर सरकतं, कुठे ॲनिमेशन बदलतं. ऐन बारीच्या दिवशी ते कोण बघत बसणार?

कातळशिल्प

म्हणून मी म्हणतो, ताईला इम्प्रेस शिकवा.

हापूस_पायरी

आधी काका, आता ताई. या धाग्यात सगळ्या गावाचं शिक्षण होणार असं दिसतंय.

सुरंगी

मी रत्नागिरीजवळच्या एका शाळेत शिकवते. प्रश्नमंजुषेसाठी हेच केलं होतं, पण प्रोग्राम न लिहिता, पॉवरपॉइंटच्या आतल्या मॅक्रोने. तुमच्या बक्षिसासाठी त्यातली एक गोष्ट उपयोगी पडेल.

प्रत्येक देणगीदाराची वेगळी स्लाइड करायची गरजच नाही. बक्षिसाची एकच स्लाइड ठेवा, त्यावर नाव आणि रकमेचे दोन चौकोन. शो चालू असताना त्या चौकोनातला मजकूर कोडने बदलला की पडद्यावर लगेच बदलतो, शो थांबवावा लागत नाही. आमच्या गटांचे गुण असेच वाढायचे, मुलं टाळ्या वाजवायची. चौकोनाला आधी नाव द्या: ऑल्ट-एफ१० दाबलं की सिलेक्शन पेन उघडतो, तिथे 'टेक्स्टबॉक्स ७'चं 'देणगीदार' करायचं. मग कोडमध्ये शेप नावाने सापडतो, आणि ताईने तो कुठेही सरकवला तरी चालतो.

एस्केपचा त्रास आम्हालाही झाला. मी किऑस्क मोड लावून बघितला. त्यात क्लिक केल्यावर स्लाइड पुढे जात नाही, त्यामुळे मुलांचे उद्योग थांबले. पण एस्केपने शो बंद व्हायचा तो होतोच. शेवटी कीबोर्डवर वही ठेवली.

जुना_पंखा

वही हा सर्वोत्तम सिक्युरिटी पॅच आहे.

खाडीकाठ

तिरफळ, सुरंगीताई, दोघांनाही साष्टांग. रात्री दोनपर्यंत बसलो आणि सेंडकीज हद्दपार केलं. गोटूस्लाइड चालतंय, 'मागे' चालतंय, बक्षिसाचं नाव लिहिलं की पडद्यावर उमटतंय. काकांची एक्सेल मुद्दाम पुढे ठेवून वीस वेळा बघितलं. सगळ्या देणग्या जागच्या जागी.

पण दोन भानगडी झाल्यात. एक, मधूनच 'कॉल वॉज रिजेक्टेड बाय कॉली' म्हणून प्रोग्राम पडतो. दुसरी भयंकर. तालीम संपवून माझा प्रोग्राम बंद केला तर त्याने जाता जाता ताईची दुसरी फाइल, लग्नाच्या आमंत्रणाची, तीपण बंद केली. ताई दोन तास बोलली नाही.

बांगडा_फ्राय

ताई बोलाक लागली काय? आणि लाईटीचा उत्तर अजून नाय.

तिरफळ

दुसरी भानगड आधी, कारण ताई महत्त्वाची. पॉवरपॉइंटची एकच प्रत चालते. तुम्ही 'नवीन ॲप्लिकेशन' म्हणालात तरी आधीपासून चालू असलेलंच हातात येतं. मग शेवटी तुम्ही क्विट म्हणालात की सगळ्या फायलींसकट सगळंच जातं. प्रोग्राम सुरू होताना प्रेझेंटेशन्सची संख्या शून्य होती का ते बघा. शून्य असेल तर पॉवरपॉइंट तुम्ही उघडलं, तुम्ही बंद करा, आणि त्यातही निघताना दुसरी एखादी फाइल उघडी दिसली तर राहू द्या. शून्य नसेल तर फक्त आपली फाइल बंद करून निघायचं. बंद करायच्या आधी तिचं 'सेव्ह्ड' ट्रू करा, नाहीतर 'बदल जतन करायचे का?' ही खिडकी येऊन बसेल. आणखी बरं म्हणजे फाइल रीड-ओन्लीच उघडा, बक्षिसांची नावं ताईच्या मूळ फाइलमध्ये जायला नकोत.

'कॉल रिजेक्टेड' म्हणजे पॉवरपॉइंट त्या क्षणी कामात आहे: कुठलीतरी डायलॉगची खिडकी उघडी आहे, फाइल उघडतेय, असं काहीतरी. तो 'आत्ता नको' म्हणतोय, 'कधीच नको' नाही. आयमेसेजफिल्टर म्हणून इंटरफेस आहे, तो आपल्या प्रोग्राममध्ये लिहून नोंदवला की नाकारलेला कॉल थोडं थांबून आपोआप परत करता येतो. तेवढं नको असेल तर तो एरर पकडून पाव सेकंद थांबा, पुन्हा विचारा, पाच-सहा वेळा. फॉर्मच्या (तुमच्या बटणांच्या खिडकीच्या) मुख्य थ्रेडवरूनच बोला, तो एसटीए, म्हणजे कॉमच्या अशा कॉलांना लागतो त्या प्रकारचा असतो. आणि पॉवरपॉइंटचे इव्हेंट घेत असाल (स्लाइडशोनेक्स्टस्लाइड, स्लाइडशोएंड) तर ते तुमच्या फॉर्मच्याच थ्रेडवर येतील असं धरू नका. तिथून थेट लेबल बदलायला गेलात की नवीन एरर. आधी इन्व्होक, म्हणजे ते काम फॉर्मच्या थ्रेडकडे सोपवा.

शेवटची स्लाइड संपल्यावर जो काळा पडदा येतो, तिथे कुठलीच स्लाइड नसते. तेव्हा 'आत्ता कुठली स्लाइड?' विचारलंत की एरर. आधी व्ह्यू.स्टेट बघा, ५ असेल तर शो संपलाय.

देवचारी

बंद केल्यावर टास्क मॅनेजर उघडून बघा. आमच्याकडे ऑफिसात पॉवरपॉइंट बंद दिसायचं, पण प्रोसेस तशीच बसलेली. कोण दिसत नाही पण कोणतरी आहे. कोडमध्ये धरून ठेवलेली ऑब्जेक्टं सोडली नव्हती, म्हणून जात नव्हतं. व्हेरिएबलं मोकळी केल्यावर गेलं. त्याआधी आमचे साहेब रोज सकाळी हाताने मारायचे, मी म्हणायचो, साहेब, नारळ ठेवून बघा.

जुना_पंखा

फॉन्टचं कोणी बोललंच नाही! बुवांच्या मंडळाकडून नावांची यादी येते ती बहुतेक वेळा जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेली असते. ती युनिकोड नसते. तो फॉन्ट ज्या मशीनवर आहे तिथे मराठी दिसतं, दुसरीकडे नुसत्या इंग्रजी चिन्हांचा रांगोळीचा सडा. कोडने शेपमध्ये असं नाव टाकलंत तर एखाद्या पखवाजवाल्याचं नाव शिवीसारखं दिसेल आणि तो पखवाज सोडून तुमच्याकडे येईल. सगळी नावं युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घ्या, आणि ज्या लॅपटॉपवर कार्यक्रम आहे त्याच लॅपटॉपवर, त्याच प्रोजेक्टरवर, मागच्या रांगेत उभं राहून वाचा. धृपदाच्या दोन ओळींपेक्षा जास्त टाकू नका.

अवांतर: प्रोजेक्टर विकत घेतलात हे वाचून काळजी वाटली. आमच्या वाचनालयाचा पावसाळ्यात कपाटात ठेवला होता. गणपतीत बाहेर काढला तर भिंगावर बुरशी, सगळे फोटो धुक्यातले. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

कातळशिल्प

अवांतरात अवांतर: हे पॉवरपॉइंट मुळात मॅकिंटॉशवर आलं, १९८७ साली. करणारी कंपनी फोरथॉट, त्यांनी आधी नाव ठेवलं होतं प्रेझेंटर. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती १४ दशलक्ष डॉलरला घेतली.

हापूस_पायरी

त्याच वर्षी आमच्याकडे आंब्याची पेटी किती रुपयांना गेली ते विचारून सांगतो.

घाटमाथा

मी अजून माझ्या मताशी ठाम आहे. एवढं सगळं, मेसेज फिल्टर काय, थ्रेड काय! वेब पेज करा, एफ११ दाबा, पूर्ण पडदा. पॉवरपॉइंटचं ओझं कशाला?

खाडीकाठ

घाटमाथा, वेब पेज मला सोपं आहे, ताईला नाही. काल रात्री अकराला दुसऱ्या बुवांचा फोन आला, झांजवाला बदलला. ताईने दोन मिनिटांत तिची स्लाइड बदलली आणि झोपली. वेब पेज असतं तर तिने मला उठवलं असतं.

पंखेकाका, यादी खरंच जुन्या फॉन्टमध्येच आली होती. अकरा नावं परत टाइप केली.

गजर_प्रेमी

पडदो लावतास तर लाव. पण गजर चालू आसताना बंद ठेव. येवढाच मागणा.

तिरफळ

त्यासाठी एक बटण कराच. व्ह्यू.स्टेटला ३ दिलं की पडदा काळा, १ दिलं की होती तीच स्लाइड परत. कीबोर्डवरच्या 'बी'चंच काम, पण तुमच्या खिडकीतून.

*(तीन आठवड्यांनी)*

खाडीकाठ

मंडळी, झाली बारी. उशीर झाला लिहायला, कारण दोन दिवस मांडव काढत होतो.

ऑपरेटर म्हणून शेवटी मी नव्हतोच. माझ्या आत्येला बसवलं. ती लहानपणापासून भजनात बसते, कुठल्या ओळीनंतर बुवा धृपदावर येणार हे तिला आधी कळतं. मला नाही कळत. मी तालमीत प्रत्येक वेळी अर्धी ओळ मागे होतो. तिला फक्त पाच बटणं दाखवली. पॉवरपॉइंट म्हणजे काय हे तिने विचारलंही नाही.

पहिली बारी सुरळीत. बक्षिसं एकोणतीस आली, नावं मी दुसऱ्या बाजूने टाइप करत होतो, आत्ये 'मागे' दाबत होती. एकदा नाव टाकलं आणि कॉल रिजेक्टेड झाला, पण तिसऱ्या प्रयत्नात आपोआप गेला, बाहेर कोणाला पत्ता नाही. एक्सेल बाजूला होती, काकाही होते.

आणि बांगडा_फ्राय, लाईट गेली. दुसरी बारी सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती, वळवाचा गडगडाट झाला आणि सगळं काळोखात. लॅपटॉप बॅटरीवर चालू, प्रोजेक्टर बंद. मजा म्हणजे प्रोजेक्टरची जोडणी तुटल्याबरोबर स्लाइड शो लॅपटॉपच्या पडद्यावर आला आणि बटणांची खिडकी झाकली. आत्येने माझ्याकडे बघितलं, मी आकाशाकडे. बुवा थांबले नाहीत. माइक नाही, पेटी आणि पखवाज तेवढे, दोन बॅटऱ्या आणि मोबाइलचे उजेड. ती पाऊण तासातली बारी मी आयुष्यात विसरणार नाही, पण तो या धाग्याचा विषय नाही.

लाईट आल्यावर प्रोजेक्टर तापायला एक मिनिट लागलं. मग शो त्या पडद्यावर आपोआप परत गेला नाही. ही शक्यता मुंबईकरदादांनी आदल्या दिवशी केबल उपटून दाखवली होती, म्हणून एक सहावं बटण केलं होतं, 'पुन्हा लाव'. ते चालू स्लाइडचा आयडी घेतं, शो एक्झिट करतं, परत रन करतं, आणि त्याच आयडीच्या स्लाइडवर जातं. शॉर्टकट होता म्हणून खिडकी झाकलेली असूनही दाबता आलं. चार सेकंद.

बांगडा_फ्राय

माका ठाऊक होता. लाईट जातलीच.

मुंबईकर_चाकरमानी

मुलीने गौळणीची स्लाइड मोबाइलवर फोटो काढून नेलीय. परतीच्या गाडीत कणकवलीपासून पनवेलपर्यंत तेच चालू होतं. सूर विचारू नका.

गजर_प्रेमी

गजराक पडदो काळो होतो काय? मी पुढे बसललंय, मागे बघूक नाय.

खाडीकाठ

होता. आत्येने मी न सांगता काळा केला, आणि बटण सोडून टाळ घेऊन उठली. गजर संपल्यावर परत बसायचं ती विसरली, त्यामुळे पुढची दहा मिनिटं पडदा काळाच. कोणाच्या लक्षात आलं नाही.

सुरंगी

कोड देणार का? आमच्याकडे ऑगस्टमध्ये प्रश्नमंजुषा आहे. आत्येही दिली तरी चालेल.

खाडीकाठ

कोड देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आत्ये गणपतीपर्यंत मोकळी नाही.